औषधासाठी चोरी : तुम्ही काय केलं असतं?

पिंपळपार
भाची टीईटीला (शिक्षक पात्रता परीक्षेला) बसतेय. मानसशास्त्रात कोहलबर्ग आहे, माणसाच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, आणि कोहलबर्ग म्हटलं की हाइन्झची गोष्ट आलीच. डीएड-बीएडवाल्यांना पाठ असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

युरोपातलं एक गाव. एका बाईला कॅन्सर झालाय, आज जाईल की उद्या अशी अवस्था. गावातल्याच एका औषधवाल्याने रेडियमपासून औषध शोधलंय आणि डॉक्टरांच्या मते त्याने ती कदाचित वाचेल. बनवायला खर्च २०० डॉलर, लहानशा डोसचे तो मागतोय २००० डॉलर. तिचा नवरा हाइन्झ सगळ्या ओळखीच्यांकडे हात पसरतो, जेमतेम १००० जमतात. औषधवाल्याला म्हणतो, थोडं कमी करा, नाहीतर उरलेले नंतर घ्या. तो म्हणतो, जमणार नाही, औषध मी शोधलंय आणि मला त्यावर पैसे कमवायचेत. मग हाइन्झ रात्री दुकान फोडतो आणि औषध उचलतो.

त्याने बरोबर केलं का?

कोहलबर्गने १९५८ च्या आपल्या शिकागोच्या प्रबंधासाठी ७२ मुलग्यांपुढे अशा गोष्टी ठेवल्या. हो की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, 'का' हे हवं होतं. 'पकडला तर तुरुंगात जाईल' असं म्हणणारा पहिल्या पायरीवर, 'कायदा सगळ्यांना सारखा' म्हणणारा चौथ्या, अशा सहा पायऱ्या, सहावी सगळ्यात वरची.

आमच्याकडे हा विषय जेवताना निघाला. भाऊजी म्हणाले, चोरी ती चोरी. ताई म्हणाली, "बरं झालं आत्ताच कळलं." त्यापुढे आमटी कोणी वाढली ते विचारू नका. माझं मत : चोरी करावी, औषध द्यावं आणि सकाळी स्वतः पोलीस चौकीत जाऊन बसावं. तुम्ही काय केलं असतं?

तिरफळ
बायको हा धागा वाचणार आहे का, त्यावर अवलंबून.

कडूकारलं
चोरी करावी. यात काथ्याकूट करण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. औषध परत बनवता येतं, माणूस नाही.

नाठाळ
@कडूकारलं, मग माझ्या शेजाऱ्याच्या आईसाठी तुमच्या घरातला टीव्ही उचलला तर चालेल ना? टीव्ही परत घेता येतो.

कडूकारलं
चालेल. जुना आहे. येताना माणसं घेऊन या, जड आहे.

बोरूबहाद्दर
आपल्याकडे हा प्रश्न कोहलबर्गच्या कितीतरी आधी येऊन गेलाय. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माच्या, म्हणजे संकटकाळी कसं वागावं याच्या भागात विश्वामित्राची कथा आहे. बारा वर्षांचा दुष्काळ, खायला काही नाही, आणि एवढा मोठा ऋषी रात्री चांडाळाच्या झोपडीत शिरून कुत्र्याची तंगडी चोरतो. चांडाळ जागा होतो आणि दोघांमध्ये धर्मावर लांबलचक वाद होतो. गंमत म्हणजे चांडाळ त्याला परोपरीने सांगतो की हे तुम्हाला शोभत नाही. विश्वामित्राचं म्हणणं एकच : जगलो तर धर्म आचरता येईल.

त्याच शांतिपर्वात शंख-लिखितांचीही गोष्ट आहे. लिखित भावाच्या आश्रमातली फळं न विचारता खातो. भाऊ म्हणतो ही चोरी, राजाकडे जाऊन शिक्षा मागून घे. राजा माफ करायला तयार असतो, पण हा हट्टाने शिक्षा घेतो आणि त्याचे हात तोडले जातात. (पुढे नदीत स्नान केल्यावर परत येतात.) पिंपळपार, तुमचं चौकीत जाऊन बसणं हे लिखिताच्या वळणाचं आहे.

रानजाई
विश्वामित्राच्या कथेत मला नेहमी एकच गोष्ट खुपते. घर कोणाचं फोडलं? गावातल्या सगळ्यात गरीब माणसाचं. त्या दुष्काळात चांडाळाच्या घरी तरी ती तंगडी एकच असणार. त्याच्या बायकोपोरांनी त्या रात्री काय खाल्लं ते व्यासांनी लिहिलेलं नाही.

तिरफळ
आणि दामाजीपंत? मंगळवेढ्याची बादशाही कोठारं दुष्काळात लोकांना खुली केली. धान्य बेदरच्या बादशहाचं, पंत नुसते कारभारी. आजच्या भाषेत सरकारी मालाचा अपहार.

फरक एवढाच की पंतांचं बिल विठोबाने विठू महार होऊन भरलं. हाइन्झचं कोण भरणार?

बोरूबहाद्दर
@तिरफळ, हसण्यावारी नेऊ नका, यात मुद्दा आहे. लोकांनी दामाजींना चोर कधीच म्हटलं नाही, संत म्हटलं. पण गोष्ट सांगणाऱ्याला बादशहाचा हिशेब चुकता झालेला दाखवावाच लागला. कोठार लुटलं आणि विषय संपला, एवढ्यावर आपल्या लोकांचं समाधान झालं नाही.

वकील_धुळेकर
कायद्याचं सांगतो, भावनांचं तुम्ही बघा.

चोरीच्या व्याख्येतच अप्रामाणिक हेतू आहे. कोणाचा तरी बेकायदा फायदा किंवा दुसऱ्याचं बेकायदा नुकसान करायचा हेतू, एवढं त्यात बसलं की झालं. बायको आजारी असल्याने तो हेतू नाहीसा होत नाही. भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आहे, पूर्वीची भादंवि ३७९. रात्री कुलूप तोडून दुकानात शिरणं ही घरफोडी, ती वेगळी लागते आणि जास्त जड आहे. इथे सगळे नुसती 'चोरी' म्हणतायत, म्हणून सांगितलं.

बचाव म्हणाल तर कलम १९, जुनं ८१. मोठं नुकसान टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू नसताना, चांगल्या भावनेने केलेलं कृत्य. कायद्यातलं उदाहरण आहे आग पसरू नये म्हणून मधली घरं पाडण्याचं. हे चोरीला लावून पक्षकार सुटेल असं मी कोणाला लिहून देणार नाही. इंग्लंडात १८८४ साली बुडालेल्या जहाजाच्या खलाशांनी होडीतल्या पोराला मारून खाल्लं, त्या खटल्यात 'गरज होती' हा बचाव न्यायाधीशांनी फेटाळला आणि जाता जाता भुकेपोटी केलेल्या चोरीलाही तो मिळत नाही असं सांगितलं. उलट इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली चार युरोंच्या आसपासचं चीज आणि सॉसेज उचलणाऱ्या बेघर माणसाला सोडलं. भुकेसाठी, तेवढ्यापुरतं घेतलं, म्हणून गुन्हा नाही.

आपल्याकडे नवीन काय, तर पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल, माल ५००० रुपयांच्या आतला असेल आणि तो किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा. २००० डॉलरमध्ये हाइन्झ यात बसत नाही.

म्यूनिककर
वकीलसाहेब, हाइन्झ नावावरून आमच्याकडचा दिसतो, म्हणून इथलं सांगते. जर्मन दंडसंहितेत दोन वेगळी कलमं आहेत. ३४ म्हणते, वाचवलेलं हित मोडलेल्या हितापेक्षा स्पष्टपणे मोठं असेल तर कृत्य बेकायदा नाहीच. ३५ म्हणते, कृत्य बेकायदा आहे, पण जीव वाचवायला केलं म्हणून माणूस दोषी नाही. पण हे फक्त स्वतःसाठी, नातेवाइकासाठी किंवा जवळच्या माणसासाठी. म्हणजे बायकोसाठी केलंत तर ३५ चा आधार मागता येतो, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईसाठी नाही. कोहलबर्गही मुलांना हेच उपप्रश्न विचारायचा : बायकोवर प्रेम नसेल तर? अनोळखी माणूस असेल तर? पाळलेला प्राणी असेल तर?

अवांतर : आजचा हाइन्झ इथे डॉक्टरची चिठ्ठी दाखवून, जास्तीत जास्त १० युरो भरून औषध घेऊन घरी गेला असता. बाकीचं विमा बघतो.

कडूकारलं
म्हणजे कोहलबर्गची गोष्ट विम्याच्या एजंटाने संपवली.

गोळीवाला
तासभर वाचतोय. सगळे हाइन्झच्या बाजूने किंवा विरुद्ध. जरा दुकानदाराचं ऐका. माझं मेडिकल आहे, सांगलीकडं.

गोष्टीतला औषधवाला स्वतः औषध शोधतो, स्वतः बनवतो, स्वतः विकतो. आमच्यापैकी असा कोण नाही. सरकारने किंमत बांधलेल्या औषधावर रिटेलरला १६ टक्के, त्यातून भाडं, पोरांचे पगार, एक्स्पायरी. कॅन्सरच्या इंजेक्शनची किंमत मी ठरवत नाही. पण काच फुटते माझी. शिव्या मला.

काउंटरखाली उधारीची वही आहे, लाल कापडाच्या पाठीची. वर्षानुवर्षं चालू. एका पानावर नाव आहे, पुढं औषध, पुढं रक्कम, आणि रकमेवर आडवी रेघ मारलेली. ती रेघ पैसे आल्यावर नाही मारलेली, पेशंट गेल्यावर मारली. अशी पानं बरीच आहेत. एक बाई एकदा मंगळसूत्र काढून काउंटरवर ठेवून गेली, मी नको नको म्हणत असताना. दुसऱ्या दिवशी पोराच्या हातून घरी पाठवून दिलं. आता मला सांगा, तिने रात्री माझं शटर उचकटलं असतं तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या का?

पिंपळपार
गोळीवाला दादा, तुमचं शटर उचकटलं असतं तर तिने चुकीच्या माणसाला लुटलं असतं. मूळ गोष्टीत दहापट किंमत लावणारा आणि काउंटरवर बसणारा माणूस एकच आहे, म्हणून ती सोपी वाटते.

नाठाळ
दहापटीचंही बघा की. शोध लावायला त्याची किती वर्षं गेली असतील? २०० हा बनवायचा खर्च, शोधायचा नाही. त्याच्या जागी मी असतो तर २००० च म्हटले असते. उद्या प्रत्येक हाइन्झ दुकान फोडायला लागला तर पुढचं औषध कोण शोधेल? घरचे खाऊन लष्करच्या भाकरी भाजायला सगळे रिकामे नाहीत.

बोरूबहाद्दर
@नाठाळ, औषध रेडियमचं आहे म्हणून आठवण करून देतो. रेडियम वेगळं काढायची पद्धत क्यूरी नवरा-बायकोने पेटंटच केली नाही. पुढे रेडियम इतकं महाग झालं की स्वतः मादाम क्यूरीला प्रयोगासाठी परवडेना. १९२१ साली अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून तिला १ ग्रॅम भेट दिलं, किंमत १ लाख डॉलर.

नाठाळ
मग हे माझ्या बाजूचं झालं की तुमच्या?

बोरूबहाद्दर
माहीत नाही. मला सांगावंसं वाटलं.

सांजवात
लिहू की नको असं चाललं होतं.

एप्रिल २०२१. बहीण एका रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर, कोविड वॉर्ड. रेमडेसिविर तेव्हा जिल्ह्यावरून ठरवून यायचं, पेशंटच्या नावाच्या यादीप्रमाणे. कपाटाची किल्ली तिच्याकडे. आमचा मामा त्याच वॉर्डात, बाविसाव्या कॉटवर. त्याचं नाव त्या दिवशीच्या यादीत नव्हतं. मामीचे फोनवर फोन. "तुझ्या हातात आहे ना?" एवढंच म्हणायची.

कपाटात वायल होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून कॉटचा नंबर बॉलपेनने लिहिलेला. मामाला एक द्यायची तर कुठल्यातरी नंबरावरची पट्टी काढायला लागणार होती. तिने नाही काढली. मामा तिसऱ्या दिवशी गेला. मामी आजतागायत तिच्याशी बोलत नाही, लग्नाकार्यात समोर आली तरी.

तुमच्या गोष्टीत हावरा दुकानदार आहे म्हणून निर्णय पटकन होतो. इथे लुटायला दुकानदार नव्हताच. शेजारच्या कॉटवरचा माणूस होता.

कडूकारलं
सांजवात, माझं पहिलं वाक्य मागे घेत नाही, पण तुझ्या बहिणीला नमस्कार सांग.

वैद्यबुवा
एक गोष्ट नोंदवतो, कोणाला दुखवायचा हेतू नाही. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने दाखल रुग्णांना रेमडेसिविर देऊ नका अशी शिफारस केली होती. त्याने मृत्यू कमी होतात असा पुरावा तेव्हा मिळाला नव्हता. म्हणजे ज्यासाठी लोक रात्रभर रांगेत उभे होते, काळ्या बाजारात वाट्टेल ते मोजत होते, त्याने जीव वाचतोच असं नव्हतं. मूळ गोष्टीतही शब्द 'कदाचित वाचेल' असेच आहेत. हा 'कदाचित' चर्चेत कोणीच धरला नाही.

सांजवात
हे मामीला सांगून झालंय, वैद्यबुवा. बहिणीनेच कागद छापून नेला होता. मामीने तो न वाचता परत दिला.

तिरफळ
वातावरण जड झालंय म्हणून. त्याच एप्रिलमध्ये हरियाणात जिंदच्या सरकारी रुग्णालयातून चोराने कोविड लशीचे सतराशेच्या आसपास डोस पळवले. नंतर पोलीस ठाण्याजवळच्या चहाच्या टपरीवर पिशवी परत सोडून गेला, आत चिठ्ठी : 'सॉरी, पता नहीं था कि कोरोना की दवाई है.'

हा कितव्या पायरीवर?

म्यूनिककर
सहाव्या. कोहलबर्गला शेवटी शेवटी सहाव्या पायरीचा माणूस सापडेना, तो जिंदला होता.

बाय द वे, कोहलबर्गने स्वतःही कायदा मोडला होता. महायुद्धानंतर ज्यू निर्वासितांना ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून पॅलेस्टाइनला नेणाऱ्या जहाजावर तो काम करत होता. ब्रिटिशांनी जहाज पकडलं आणि याची रवानगी सायप्रसच्या छावणीत झाली. जीव वाचवायला कायदा मोडावा का, हा प्रश्न त्याला ग्रंथालयात बसून सुचलेला नाही.

वकील_धुळेकर
नाठाळांच्या 'पुढचं औषध कोण शोधेल' कडे परत येतो, कारण याच प्रश्नावर आपल्याकडे खरा खटला झालाय आणि त्यात कोणाला शटर उचकटावं लागलं नाही.

सोराफेनिब नावाचं औषध, यकृताच्या आणि किडनीच्या कॅन्सरवरचं. बायर कंपनीचं पेटंट. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये. पेटंट कायद्याचं कलम ८४ सांगतं की औषध लोकांना परवडेल अशा किमतीत मिळत नसेल तर ते बनवायचा सक्तीचा परवाना दुसऱ्याला देता येतो. हैदराबादच्या नॅटको कंपनीने अर्ज केला. मार्च २०१२ मध्ये मुंबईत पेटंट नियंत्रकांनी परवाना दिला. किंमत महिन्याला ८८०० च्या आसपास. बायरला फुकट लुटलं का? नाही, विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी, पुढे अपिलात ती ७ झाली. देशातला पहिला सक्तीचा परवाना.

पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेक या औषधावरचा नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. रक्ताच्या कॅन्सरचे कितीतरी पेशंट आज ज्या स्वस्त गोळ्या खातात, त्या त्यामुळे.

नाठाळ
६ टक्के म्हणजे सभ्य भाषेतली चोरीच.

वकील_धुळेकर
मग कायदेशीर चोरी म्हणा. विठोबाने भरलेल्या बिलासारखी.

गोळीवाला
सोराफेनिबचं खरं आहे. आधी ते दुकानात ठेवायचीच भीती वाटायची, एक डबा पडून राहिला तर महिन्याचा धंदा गेला. आता स्टॉकिस्टला फोन केला की संध्याकाळी येतं.

रानजाई
आता मी बोलते. मी एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. हाइन्झ रोज माझ्या टेबलासमोर बसतो.

कोहलबर्गची सहकारी आणि नंतरची टीकाकार कॅरल गिलिगन. तिने १९८२ च्या पुस्तकात अकरा वर्षांच्या दोन मुलांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. जेक म्हणतो, जीव पैशापेक्षा मोठा, चोरी करावी. एमी म्हणते, चोरीही करू नये आणि बायकोही मरू नये, आणखी काही मार्ग असेल, कर्ज काढावं, औषधवाल्याशी नीट बोलावं. आणि तो तुरुंगात गेला तर बायको पुन्हा आजारी पडल्यावर बघणार कोण? कोहलबर्गच्या मोजपट्टीवर एमी जेकच्या खाली गेली. त्याच्या मूळ ७२ मध्ये मुलगी एकही नव्हती हे पिंपळपारांनी 'मुलग्यांपुढे' म्हणून सांगितलंच आहे.

मी एमीच्या पक्षाची. लोक एमीला भोळी म्हणतात. मला जेक भोळा वाटतो, कारण त्याला गोष्टीत दोनच दारं दिसतात. माझ्या टेबलावर येणाऱ्याला निम्म्या वेळा माहीतच नसतं की महात्मा फुले योजनेत त्याचा आजार बसतो. शिधापत्रिकेवर नाव चुकलेलं असतं, आधारवर वेगळं. तो सावकाराकडे जाऊन आलेला असतो, माझ्याकडे शेवटी येतो. परवा एकजण जमीन गहाण ठेवायचे कागद घेऊन बसला होता. कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवून घेतले आणि म्हटलं, आधी तहसीलचा दाखला आणा, मग हे परत नेताना बोलू.

सगळे वाचतात का? नाही. योजनेत नसलेली इंजेक्शनं आहेत, १६ कोटींची जीन थेरपी आहे, जिच्यासाठी आईबाप फोनवर अनोळखी लोकांकडे वर्गणी मागतात. तिथे माझाही कागद संपतो. तिथे कोणी शटर उचकटलं तर मी पोलिसांना बोलवणार नाही.

पिंपळपार
रानजाई, ते शेवटचं वाक्य म्हणजे तुमचं हाइन्झला 'हो' धरू का?

रानजाई
मी बोलवणार नाही म्हटलं. गोळीवाला दादांनी बोलवलं तर त्यांनाही अडवणार नाही.

गोळीवाला
मी आधी कॅमेऱ्यात बघेन कोण आहे ते. ओळखीचं निघालं तर वहीत लिहीन.

तिरफळ
झालं, या धाग्यात दुकानदारच सहाव्या पायरीवर पोचला.

नवखा_वाचक
धाग्याचा विषय सोडून विचारतो, माफ करा. सासऱ्यांना एका ट्रस्टच्या रुग्णालयात दाखल केलंय. अनामत भरा म्हणतायत, धर्मादाय खाटा शिल्लक नाहीत म्हणतायत. रानजाईताई, काय करू?

रानजाई
शिल्लक नाहीत हे तोंडी ऐकू नका, लेखी मागा. ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेली योजना आहे. पेशंट गंभीर असेल तर अनामतीसाठी अडवता येत नाही. रुग्णालयात समाजसेवकाची खोली असते, बिलिंगच्या खिडकीवर वाद न घालता आधी तिथे जा. बरोबर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळी-केशरी शिधापत्रिका. लेखी दिलं नाही तर त्याच दिवशी धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात अर्ज टाका, पोच घ्या आणि पोचेची झेरॉक्स वॉर्डात द्या. बिल आलं तर भरण्याआधी आयटम-आयटम मागून घ्या.

गोळीवाला
आणि चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर डॉक्टरना मूळ घटकाचं नाव लिहून मागा. चिठ्ठीचा फोटो व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवा, स्वस्तात कुठलं बसतं ते बघतो.

नवखा_वाचक
शिधापत्रिका केशरी आहे. फोटो पाठवतो.